नावापुरती जागा

तळवलीत एक म्हातारी राहायची. ती धवलारीण होती. आगरी माणसाच्या लग्नात हळद दळायची असो, मांडव घालायचा असो, नवरीला तेल लावायचं असो, प्रत्येक विधीचं गाणं वेगळं असायचं, आणि ते गाणं उचलल्याशिवाय विधी पुढे सरकत नसे. त्या गाण्यांना धवला म्हणतात. जुनी माणसं सांगत की पूर्वी भटजी लागायचाच नाही, धवलारीणच लग्न लावायची.

लग्नात धवळे गाण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी. तेराव्या शतकात महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायले आणि मराठीची पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव राहिलं. आमच्या म्हातारीला महदंबा ठाऊक नव्हती. ती आपल्या सासूकडून शिकली होती, सासू तिच्या आत्याकडून. पलीकडचं कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

म्हातारी तरुण होती तेव्हा गावाभोवती भातशेती होती आणि पश्चिमेला खाडी. १९७० साली सिडको आली. नवी मुंबई वसवायला ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यात तळवलीही होती. खाचरांवर सेक्टर उठले. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती आल्या. शेतं गेली, तरी लग्नं काही थांबली नाहीत, उलट हळदीची रात्र लग्नाच्या दिवसापेक्षा मोठी होत गेली. आधी बेंजो आला, मग डीजे आला. म्हातारीला बोलावणं येई, पण शास्त्रापुरतं. ती दोन ओळी म्हणते न म्हणते तोच डीजेवाला पोरगा लांबून हात करायचा, झालं का आजी? ती म्हणायची, झालं. मग जमीन हादरायला लागायची.

म्हातारीचा एक नातू होता. दिवसा तो एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला जाई आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवी. हात चांगला होता त्याचा. घरात बापाच्या जुन्या कॅसेटी होत्या, वेसावकर आणि मंडळींच्या. शांता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी चाली लावलेली कोळीगीतं तर त्याला न शिकवता पाठ होती. त्याच्या मनात आलं, खाडीकाठच्या माणसांची गाणी जगभर वाजली, मग माझ्या आजीचं का वाजू नये? आपण एक सिंगल काढू. एकच गाणं, पण असं की प्रत्येक हळदीला वाजलं पाहिजे.

त्याने पगारातले पैसे बाजूला टाकले आणि घणसोलीत एक स्टुडिओ तासावर घेतला. तळमजल्यावरची खोली होती, भिंतींना फोम लावलेला, मध्ये एक माइक. स्टुडिओवाला वयाने बरा, बोलायला हळू. आजी नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून आली. तिने खोलीभर नजर फिरवली. हळद कुठे दिसेना, पाटा-वरवंटा दिसेना, बाया दिसेनात.

“लगीन कोनाचा हाय?” तिने विचारलं.

“कुणाचं नाही, आजी. रेकॉर्डिंग आहे.”

“मंग नाव कोनाचा घेऊ?”

नातवाला आधी प्रश्नच कळला नाही. मग उमगलं. धवल्यात ठिकठिकाणी नावं येतात. नवरीचं येतं, नवऱ्याचं येतं, आईबापाचं, मामाचं, काकीचं, आणि जी माणसं आता नाहीत त्यांचंही येतं. लग्नघरात शिरली की आजी चहापाण्याच्या आधी नावं विचारून घ्यायची आणि रात्रभर ती एकही न चुकता गाण्यात पेरत जायची.

“कुठलंही घे ना,” नातू म्हणाला. “माझं घे.”

“तुझा लगीन ठरलाय?”

“नाही.”

“मंग? ज्याला हलद लागली नाय, त्याच्या नावान धवला म्हनाचा नाय.”

नातवाने समजावलं. स्टुडिओवाल्यानेही एकदोन गोष्टी सुचवल्या. रामाचं घ्या, कृष्णाचं घ्या. आजी म्हणाली, त्यांची लग्नं कधीच झाली. शेवटी तिनेच तोड काढली. ती गाईल, पण नावाची जागा आली की थांबेल. नाव तेवढं गाळून पुढची ओळ धरेल.

मग नवी अडचण आली. कानांवर हेडफोन चढवून त्यातल्या ठोक्यावर आजीला गाता येईना. ठोका तिच्या मागे धावायचा नाहीतर पुढे पळायचा. स्टुडिओवाल्याने ठोका बंद केला, हेडफोन काढून घेतला, तिला खुर्चीवरून उठवून खाली सतरंजीवर बसवलं आणि माइक तिच्या तोंडाशी वाकवला. आजीने डोळे मिटले. मांडीवर हाताने ताल धरला आणि सुरुवात केली. गाणं काही केल्या संपेना. नातू घड्याळ बघत होता, कारण भाडं तासावर होतं. नावाची जागा आली की आजी थांबायची. तेवढा वेळ नुसता हाताचा ताल ऐकू यायचा, थप्, थप्, आणि मग गाणं पुन्हा चालू लागायचं. असं कितीदा तरी झालं. दळण झालं, हळद झाली, तेल झालं, पहाट झाली, तेव्हा आजीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

नातू डोक्याला हात लावून बसला होता. “एवढं लांब कोण ऐकणार? आणि मध्ये मध्ये ही भोकं!”

स्टुडिओवाल्याने चहा मागवला आणि एक गोष्ट सांगितली. १९२३ सालची, अमेरिकेतली. अटलांटा शहरात जॉन कार्सन नावाचा गावाकडचा माणूस फिडल वाजवायचा. न्यूयॉर्कहून ओके कंपनीचा राल्फ पीअर रेकॉर्डिंगची यंत्रं घेऊन तिथे आला होता. कार्सनचं गाणं त्याला अजिबात आवडलं नाही. ही तबकडी कोण घेणार, असं त्याचं मत. पण तिथल्या एका फर्निचरच्या दुकानदाराने हट्ट धरला की मला पाचशे काढून द्या, बघतो मी. कंपनीने आपल्या यादीत नंबरही न देता पाचशे तबकड्या काढून दिल्या. त्या हां हां म्हणता संपल्या. मग कंपनीने घाईघाईने गाणं यादीत घेतलं आणि कार्सनला न्यूयॉर्कला बोलावलं. ज्याला पुढे कंट्री संगीत म्हणू लागले, त्याच्या धंद्याची सुरुवात पुष्कळ लोक त्या तबकडीपासून धरतात.

आजी लक्ष देऊन ऐकत होती. “त्याच्या गान्यान कोनाचा लगीन होता?” तिने विचारलं.

“लग्न नव्हतं, आजी. एका म्हाताऱ्याच्या पडक्या झोपडीचं गाणं होतं.”

“मंग बराबर हाय,” आजी म्हणाली. “घर काय, सगल्यांचाच पडतं.”

स्टुडिओवाला हसला. नातवाला म्हणाला, “तुझं तू कापून घे. पण हे सगळं आहे तसं ठेव. पुसू नको.”

नातवाने कापलं. त्याने तीन मिनिटांचं गाणं केलं. आजीच्या चार ओळी वर घेतल्या, खाली ऑक्टोपॅड आणि बेंजो लावला, ठोका असा बसवला की ऐकणाऱ्याचा पाय जागेवर राहू नये. त्यातल्या रिकाम्या जागांचं काय करायचं, हा प्रश्न होता, पण तोही सुटला. गाण्याचा व्हिडिओ काढायला पैसे लागणार होते. ड्रोन हवा होता, एकसारख्या साड्या नेसलेल्या नाचणाऱ्या मुली हव्या होत्या. गावात एक दादा होते. ते म्हणाले, खर्चाची काळजी करू नको, पोरांसाठी आपण आहोत. बदल्यात त्यांनी काही मागितलं नाही. ते समजून घ्यायचं असतं. नातवाने पहिल्या रिकाम्या जागेत दादांचं नाव घातलं, दुसऱ्या जागेत दादांच्या मित्रमंडळाचं, आणि तिसऱ्या जागेत स्वतःच्या बेंजो पार्टीचं.

आजीला मोबाइलवर गाणं दाखवलं. तिने ते पूर्ण पाहिलं. “चांगला वाजतंय,” म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “दादाचा दुसरा लगीन हाय काय?” सगळे हसले. आजी हसली नाही, तिने खरंच विचारलं होतं.

गाणं चाललं. तळवलीच्या हळदींना ते त्या मोसमात रोज वाजलं. पोरं ठोक्यावर नाचली, दादांचं नाव आलं की हात वर झाले. नातवाची छाती फुगली. पण गाव ओलांडलं की गाणं अडखळायला लागलं. शेजारच्या गावात दुसरे दादा होते. तिथे डीजेवाल्याने हे गाणं लावलं आणि तीन ओळींतच कुणीतरी येऊन बंद करायला लावलं. आमच्या मांडवात त्याचं नाव कशाला? त्याच्या पुढच्या गावात तर लावलंच नाही. पुढे महापालिकेच्या राजकारणात वारं फिरलं आणि दादा मागे पडले. तेव्हा तळवलीतही ते गाणं वाजेना. वाजवलं असतं तर कुणाला राग आला असता, कुणाला वाईट वाटलं असतं. एका मोसमाचं गाणं ते, मोसमाबरोबर गेलं.

आजीचं पूर्ण गाणंही नातवाने यूट्यूबवर टाकून ठेवलं होतं. त्याला ना व्हिडिओ, ना ठोका. नुसता आजीचा एक फोटो, तोही जरा हललेला. खाली कुणी कुणी लिहिलं होतं, आवाज मध्येच जातोय. कुणी लिहिलं, फाइल खराब आहे, पुन्हा टाका. नातवाने ते काढून टाकायचं ठरवलं, पण कामाच्या पाळ्यांत राहून गेलं.

उरणकडच्या एका गावात एक लग्न निघालं. घर मोठं, माणसं पुष्कळ, हळदीची रात्र. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवायचा नियम २००० सालापासूनचा. कुठे पाळला जातो, कुठे नाही. तिथे त्या रात्री पोलीस येऊन उभे राहिले आणि डीजे बंद झाला. पाहुण्यांतली अर्धी माणसं त्याबरोबर उठून गेली. घरातल्या बाया राहिल्या. हळद अजून दळायची होती. गावातली धवलारीण करोनाच्या वर्षी गेली होती आणि तिच्यामागे कुणी शिकलं नव्हतं. मुक्याने हळद कशी दळायची, म्हणून बाया पाट्याभोवती नुसत्याच बसून राहिल्या.

नवरीच्या काकीने मोबाइल काढला आणि शोधलं. तळवलीच्या म्हातारीचं गाणं निघालं. काकीने मोबाइल स्टीलच्या रिकाम्या डब्यात उभा ठेवला, म्हणजे आवाज जरा मोठा यावा. गाणं सुरू झालं. बायांनी ओळखीची चाल ऐकली आणि वरवंटा फिरायला लागला. आणि मग गाणं थांबलं. नुसतं थप्, थप्.

“नेट गेला,” कुणीतरी म्हणालं.

नेट गेलं नव्हतं. गाणं पुन्हा चालू झालं. दोन ओळींनी परत थांबलं. काकीने डब्यातला मोबाइल हलवून पाहिला. तिसऱ्यांदा थांबलं, तेव्हा कोपऱ्यात पाय पसरून बसलेली नवरीची आजी मोठ्याने म्हणाली, “अगो, नाव घ्या ना पोरीचा! ती थांबलीय तुमच्यासाठी.” आणि कुणी तोंड उघडायच्या आत तिनेच थप्-थप्च्या तालात नातीचं नाव घेतलं. ते बरोबर बसलं. जणू मोजूनच जागा सोडली होती.

मग बाया सावध झाल्या. पुढची जागा आली, तिथे आईचं नाव पडलं. पुढच्या जागेला बापाचं. मामाच्या वेळी दोघींनी दोन मामांची नावं एकदम घेतली आणि हसू फुटलं. पुढे एका जागेला नवरीच्या आईने आपल्या गेलेल्या दिराचं नाव घेतलं. करोनातच तोही गेला होता. काकीने पदर डोळ्यांना लावला, पण वरवंटा थांबवला नाही. त्या रात्री हळद पहाटेपर्यंत दळली गेली. गाणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून लावत होत्या.

काही दिवसांनी नातवाला फोन आला. व्हिडिओखाली त्याचा नंबर होता, बेंजोच्या बुकिंगसाठी दिलेला. पलीकडे ती काकी होती. नातवाला वाटलं, फाइल खराब असल्याची तक्रार. तक्रारच होती, पण वेगळी. काकी म्हणाली, “दादा, आजीला सांगा, गानं लय चांगला. पन काकांची जागा कमी पडते. आमच्यात तीन काका हायत. तिघांची नावं बसवता बसवता पुढची ओल निघून जाते.”

नातवाने फोन ठेवला आणि ते पूर्ण गाणं बऱ्याच दिवसांनी ऐकलं. या वेळी त्याने प्रत्येक जागेला थांबून कुणाचं ना कुणाचं नाव मनात घेऊन पाहिलं. मग तो आजीकडे गेला आणि काकीचा निरोप सांगितला. म्हणाला, “आपण परत स्टुडिओत जाऊ. काकांची जागा मोठी करू.”

आजी म्हणाली, “तीन काका असले त मी तीन घेते. पाच असले त पाच घेते. यंत्राला कसा कलनार? त्यांना सांग, एकदोघींना माझ्याकडं धाडा.”

या गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच आहे. ज्या जागा नातवाने भरल्या, त्या भरल्याबरोबर गाणं एका माणसाचं झालं आणि त्या माणसाबरोबर मागे पडलं. ज्या जागा आजीने मुद्दाम सोडल्या, त्या पहिल्यांदा दोष वाटल्या, आणि नेमक्या तिथूनच एक अनोळखी घर गाण्यात शिरलं. आपण दुसऱ्यासाठी काही करतो तेव्हा सगळं आपल्याच हाताने पुरं करून द्यावंसं वाटतं. त्यात कुठे घेणाऱ्याचं नाव बसायला जागा आहे का, हे बघायचं राहून जातं. आजीने तत्त्व म्हणून तसं केलं नव्हतं. खोटं नाव घ्यायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

उरणकडच्या दोघी पोरी एका रविवारी आल्या. उरणची लोकल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली होती. त्या लोकलने नेरूळपर्यंत, तिथून ठाण्याच्या गाडीने घणसोली, आणि पुढे रिक्षाने तळवली. दोघींची अजून लग्नं व्हायची होती. एक कॉलेजात शिकत होती, दुसरी बंदराकडच्या एका ऑफिसात कामाला होती. दोघींनी बसताक्षणी मोबाइल काढले आणि रेकॉर्डिंग चालू केलं. आजीने त्याला हरकत घेतली नाही. पण ती गायलाही लागली नाही.

“आधी तुमच्या घरातली नावं सांगा,” ती म्हणाली.

पोरींनी आईबापाची सांगितली, आजी-आजोबांची सांगितली, मामांची, तिन्ही काकांची सांगितली. आजी बोटांवर मोजत गेली. मग तिने पणजीचं नाव विचारलं. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. कॉलेजातल्या पोरीने घरी फोन लावला. बापाला नाव आठवेना. बापाने फोन थोरल्या काकाकडे दिला. थोरल्याने एक नाव सांगितलं, तर मागून धाकटा ओरडला, ते माहेरचं, सासरचं वेगळं. थोरला म्हणाला, तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. फोनवर तिघांचं चांगलंच जुंपलं. शेवटी नव्वदीतल्या एका आत्याला विचारायला कुणीतरी सायकल काढली.

आजीने मिश्रीची डबी उघडली आणि आरामात दात घासत बसली. नातवाने सगळ्यांसाठी चहा टाकला. नाव कळायला पाऊण तास लागला, आणि काका दोघेही चुकीचे निघाले.